वाचणाऱ्याने जसेच्या तसे वाचावे

आमच्या गावच्या फाट्यावर आता काळ्या दगडाचा एक स्तंभ उभा आहे. त्यावर गावच्या मेजरसाहेबांचं नाव, खाली ते ज्या लढाईत लढले तिचं साल, आणि त्याखाली सोनेरी अक्षरांत एक वाक्य : ‘घर तू सांभाळ, सीमा मी सांभाळतो.’ हे त्यांनी रणांगणावरून पत्नीला लिहिलं होतं, असंही खाली बारीक अक्षरात कोरलेलं आहे.

हे वाक्य त्यांचं नाही, माझं आहे. त्यांच्या घराच्या पुढच्या बैठकीत बसून, हातात त्यांचं पत्र धरून, विसाव्या वर्षी मी ते जुळवलं. पत्रात त्या जागी दुसरंच काही होतं.

हे मी स्मारक समितीच्या अध्यक्षाला सांगितलं. दगड उभा राहण्याआधी सांगितलं आणि राहिल्यावरही सांगितलं. अध्यक्ष माझाच विद्यार्थी. चौथीत सतराचा पाढा त्याच्या घशाखाली उतरत नसे. आता त्याच्याकडे दोन जेसीबी आहेत आणि तो मला धीरानं समजावतो.

“सर, दगड नांदेडहून कोरून आलाय.”

“अरे, पण ते वाक्य खोटं आहे.”

“खोटं कसं? तुमीच शिकवलं की आमाला. दर झेंडावंदनाला तुमी सगळ्या शाळेकडून म्हणून घ्यायचे.”

“तेच तर सांगतोय. ते मी तयार केलं होतं.”

“मग तर लयच चांगलं झालं, सर. गावच्याच माणसाचं हाय म्हणा की.”

मी कपाळाला हात लावला. त्यानं माझ्यासाठी पाणी मागवलं.

“बरं, त्यांनी खरं काय लिहिलं होतं?”

“मोजे वाळत नाहीत. टाचांना भेगा पडल्यात. चहाला रॉकेलचा वास येतो. आणि बायकोला विचारलं होतं की माझ्याकडे राहायला येतेस का.”

त्यानं खिशातलं पेन काढलं आणि परत ठेवलं. मग म्हणाला, “हे दगडावर कसं टाकावं, सर?”

स्मरणिकेसाठी एक पान लिहून द्या, असं त्यानंच मला सांगितलं होतं. मी हेच लिहून दिलं. पान परत आलं. मजकूर लांबला आहे, असा निरोप होता. माझ्या पानाच्या जागी खताच्या दुकानाची जाहिरात छापली. म्हणून आता इथे लिहितो, आणि लांबू देतो.

*

मेजरसाहेबांच्या वडिलांना सगळं गाव आबा म्हणायचं. आबा निजामाच्या राज्यात शिकलेले. उर्दू असं घडाघडा वाचायचे की पूर्ण्याच्या स्टेशनवरचे रेल्वेतले लोक त्यांच्याकडून जुने कागद वाचून घ्यायला येत. पण मराठी अक्षर त्यांना लागत नसे. मुलगा शाळेच्या वयाचा झाला तोवर पोलिस ॲक्शन होऊन गेली होती, म्हणून तो मराठीत शिकला. एका घरातल्या बापाची आणि लेकाची लिपी वेगळी. त्यामुळे मुलगा फौजेत गेल्यापासून त्याचं पत्र आलं की आबा ढाळजेत येऊन बसत आणि मला हाक मारत. ढाळज म्हणजे दिंडी दरवाजातून आत येताच लागणारी पुढची बैठक. माझं घर दोन दारं सोडून. मी मॅट्रिक झालो होतो, मास्तरकीच्या ट्रेनिंगला नंबर लागायची वाट बघत होतो आणि मला दुसरं काही काम नव्हतं.

मेजरसाहेबांचं अक्षर फार वाईट. इंग्रजी वळणाचं, तिरकं, पुढे पळणारं. ते मला लागायचं, गावात दुसऱ्या कुणाला लागत नसे. याचा मला अभिमान होता. पुढच्या सगळ्याचं मूळ त्यातच आहे असं आता वाटतं.

तोवरची पत्रं आबांच्या नावानं येत. वर ‘तीर्थरूप आबांस’, शेवटी ‘घरी सर्वांस यथायोग्य’. त्या ‘सर्वांस’मध्ये त्यांची बायको यायची, तशीच रीत होती. लढाईच्या त्या हिवाळ्यात मात्र निळं आंतरदेशीय पत्र आलं ते थेट वहिनींच्या नावानं. मी त्यांना वहिनी म्हणायचो, त्या मला भावजी. त्या राणीसावरगावकडच्या, दुसरीपर्यंत शिकलेल्या. सही करण्यापुरती अक्षरं त्यांच्याकडे उरली होती.

आबांनी पत्ता मला वाचायला लावला. मग पुन्हा लावला.

“म्या जिता असताना सुनेच्या नावानं खत?” ते म्हणाले.

बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हटलं, “साहेब झालेत आता. मोठ्या साहेबांची रीत अशीच असती म्हणं.”

“रीत असू द्या. खत घरात आलंय ना? मग घरासमोर वाचलं जाईल. वाच रे.”

मी वाचायला लागलो. वहिनी मधल्या दाराच्या आड उभ्या होत्या. त्यांचे पाय मला दिसत होते. आबा, त्यांचे दोन भाऊबंद, हजामत करायला आलेला माणूस, असे सगळे कान देऊन बसलेले. पहिल्या चार ओळी ठीक होत्या. तुझा खोकला कसा आहे, काढा घेतेस का. मग आलं : ‘तू भाकरी थापतेस तो आवाज इथे सकाळी सकाळी आठवतो आणि मग फौजेच्या लंगरच्या रोटीचा राग येतो.’

मी थांबलो. आता हे वाचायचं? आबांसमोर? हजामत करणाऱ्या माणसासमोर? संध्याकाळपर्यंत आडावर पाणी शेंदताना बायकांनी त्या बिचारीची भाकरी थापून थापून दाखवली असती.

“पुढं?” आबा म्हणाले.

“पुढं लिहिलंय... आबांच्या तब्येतीला जप. त्यांना वेळेवर भाकरी दे.”

आबांचा चेहरा खुलला. “हां. ये हुई ना बात,” ते म्हणाले आणि पत्र दाराच्या दिशेनं पुढे केलं. “ने बाई, ठेव जपून.” आतून हात आला, पत्र गेलं.

सुरुवात अशी झाली. मी वहिनींना टोमण्यांपासून वाचवलं, असं तेव्हा मला वाटलं, आणि पहिल्या पत्रापुरतं ते खरंही असेल. पण दुसऱ्या पत्राला ढाळजेत जास्त माणसं आली, मला कपबशीत चहा मिळाला, आणि मी नुसता गाळत बसलो नाही, भर घालू लागलो. मेजरसाहेब लिहीत, ‘दोन दिवस झाले पाय कोरडे नाहीत.’ मी वाची, ‘बर्फात उभे राहून आम्ही भारतमातेची सेवा करत आहोत.’ कुणीतरी हळूच डोळे पुसायचं. आबा मान डोलवायचे. खरा माणूस तिकडे ओल्या मोज्यांनी वैतागला होता, आणि इकडे मी त्याला पुतळा करत होतो.

उत्तरंही मीच लिहायचो. आबा सांगायचे, मी लिहायचो. शेवटी दाराकडे तोंड करून विचारायचो, “वहिनी, तुमच्याकडून काय लिहू?”

“लिवा, सगळं बरं हाय.”

एवढ्या लोकांत दुसरं काय सांगणार?

मेजरसाहेबांचा तिकडे संताप होऊ लागला. त्यांच्या हाताखाली शंभरावर जवान होते. लढाईच्या काळात जवानांची घरी जाणारी पत्रं साहेबानं तपासायची, नको तिथे काट मारायची, असा नियम होता. एका पत्रात त्यांनी लिहिलं : ‘दिवसभर मी पोरांची पत्रं वाचतो. साधा शिपाई बायकोला काय काय विचारतो, आणि बायकोनं त्याला काय काय लिहिलेलं असतं तेही त्यातून कळतं. मला मात्र तुझ्याकडून जवारी किती आली आणि म्हैस कधी व्यायची एवढंच समजतं. मी खोकल्याचं विचारलं तर उत्तर येतं की हरभऱ्यावर घाटेअळी आहे. माझं पत्र तुला कोण वाचून दाखवतं? तो मला काट मारतोय असं वाटतं.’

आणि खाली रेघ ओढून, वेगळ्या ठळक अक्षरात : ‘वाचणाऱ्याने जसेच्या तसे वाचावे. हा हुकूम समजावा.’

हे माझ्यासाठी होतं. भर ढाळजेत मी ती ओळ अंगठ्याखाली झाकली. मी वाचलं, ‘थोरामोठ्यांचा हुकूम पाळावा.’

*

लढाई थांबल्यावर आलेलं पत्र छोटं होतं. त्यात एक प्रश्न होता. त्यांना छावणीत बायकोसह राहायला जागा मिळणार होती. येतेस का, हो की नाही एवढंच कळव, असं त्यांनी विचारलं होतं.

आबांची बायको वारून तेव्हा फार दिवस झाले नव्हते. चूल, गोठा, रानातली न्याहारी, सगळं वहिनींवर होतं. हा प्रश्न मी मोठ्यानं वाचला असता तर त्या ढाळजेत काय झालं असतं, ते मला ठाऊक होतं. आबा मुलाला काही बोलले नसते. तो लांब होता, साहेब होता. सगळं दाराआडच्या त्या पायांवर आलं असतं : ‘हिनंच कळवलं असेल, मला इथं करमत न्हाई म्हणून.’ मी घाबरलो. आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा एक जोरदार शेवटही हवा होता, कारण लढाई संपली होती, माणसं दाटीनं बसली होती आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, “घर तू सांभाळ, सीमा मी सांभाळतो.”

“वाह!” आबा म्हणाले. “शेर हाय शेर. माझा लेक हाय तो.”

दाराआडचे पाय हलले नाहीत. नंतर हात आला आणि पत्र घेऊन गेला.

उत्तर गेलं ते असं : घरी सर्व क्षेम. म्हैस व्याली, रेडकू झालं. आपण देशसेवा करावी, आमची काळजी करू नये.

हो किंवा नाही एवढंच मागितलेल्या माणसाला हे उत्तर. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. पुढची सगळी नोकरी ते सुट्टीला येत राहिले आणि जात राहिले. वहिनी इथेच राहिल्या.

*

ते निवृत्त होऊन गावी आले तोवर मीही शाळेत मुरलो होतो. त्यांनी मला एकदाच विचारलं. फाट्यावर उभे होतो, एसटीची वाट बघत.

“मास्तर, तेव्हा माझी पत्रं तूच वाचायचास ना?”

“हो.”

“जसंच्या तसं?”

“हो.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग गाडी आली.

त्यानंतर मी त्या घरी रोज संध्याकाळी चहाला जायचो. का जायचो ते मला नीट सांगता येणार नाही. त्या घरात एक भांडण होतं. इतर घरांत चूल असते तसं ते तिथे कायम पेटतं असायचं, आणि मी त्याच्याशेजारी बसून चहा प्यायचो.

“हिला मी बोलावलं होतं,” मेजरसाहेब मला सांगायचे. “चांगली जागा होती. आली नाही.”

“कवा बोलावलं?” वहिनी आतून. “सपनात?”

“पत्रात.”

“पत्रात न्हवतं. पत्रात होतं, घर तू सांभाळ. मला अजून पाठ हाय.”

“ते मी लिहिलेलं नाही!”

“मग काय ह्या भावजीनं लिवलं?”

आणि दोघंही हसायचे. मीही हसायचो.

“काढ ती पत्रं बाहेर,” मेजरसाहेब म्हणायचे. “एकदाचं होऊन जाऊ दे.”

“काढते की. पर वाचणार कोण? तुमीच? तुमी तर काय बी वाचताल.”

“मास्तर वाचेल. त्याला माझं अक्षर लागतं.”

“चष्मा आणला नाही,” मी म्हणायचो. किंवा, “आता शाळेची मीटिंग आहे.” मी निवृत्त झाल्यावर मीटिंगही उरली नाही, तेव्हा नुसताच उठायचो. मुलांकडून वाचून घ्यावी तर बापानं आईला लिहिलेली पत्रं मुलांच्या तोंडून ऐकायची, हे दोघांपैकी कुणालाही पटणारं नव्हतं. शंभर माणसांना हुकूम देणारा माणूस स्वतःच्याच पत्राचा पुरावा द्यायला तयार नव्हता. मी काय कोर्टात उभा आहे का, म्हणायचे. आणि वहिनींना पुरावा नकोच होता, त्यांना सगळं पाठ होतं. मी पढवलेलं.

दर झेंडावंदनाला मुलं ते वाक्य ओरडून म्हणायची. गावी आल्यावर पहिल्या वर्षी मेजरसाहेब पाहुणे म्हणून खुर्चीवर बसले होते. ते लालबुंद झाले. “हे मी कधी लिहिलं?” असं शेजारच्याला म्हणाले. शेजारच्यानं ते माइकवरून सांगून टाकलं, की बघा, किती विनय आहे. टाळ्या झाल्या.

मेजरसाहेब गेले त्यालाही आता काही वर्षं झाली.

*

स्तंभाचा दगड आला तेव्हा अध्यक्ष वहिनींना गाडीतून दाखवायला घेऊन गेला. मलाही बसवलं. उद्घाटनाचा पडदा त्यांच्या हातून उघडायचा होता. वहिनींनी दगडावरून हात फिरवला. अक्षरं बोटांनी चाचपली.

“काय लिवलंय?”

अध्यक्षानं छाती काढून वाचून दाखवलं.

वहिनींनी हात पदराला पुसला. परतताना गाडीत मात्र माझ्याकडे वळल्या. “भावजी, हे मला कवाच आवडलं न्हाई बगा. घर सांभाळ म्हणं. मग काय मी ढोल वाजवायले होते का इथं? आता जाता-येता तेच डोळ्यापुढं. मला वाचता येत न्हाई ते एक बरं हाय.”

अध्यक्ष हसला. मला हसू आलं नाही. इतकी वर्षं त्या बाईला ते वाक्य नुसतं खोटंच ऐकवलं गेलं नव्हतं, ते तिला टोचतही होतं, आणि मी ते पोरांकडून घोकून घेत होतो. घरी येईपर्यंत मी ठरवलं. अध्यक्ष गेल्यावर मी ओट्यावर बसूनच त्यांना सांगितलं. फार शब्द लागले नाहीत. पत्र जसं होतं तसं मी वाचलं नव्हतं, ते वाक्य माझं आहे, आणि मेजरसाहेबांनी खरंच बोलावलं होतं.

वहिनींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या घरात चपला घालून शिरलो आहे. मग उठल्या. आतून एक लोखंडी पेटी ओढत आणली. मी हात द्यायला गेलो तर म्हणाल्या, “राहू द्या.”

सून दारात येऊन उभी राहिली. “काय झालं, आत्या?”

“काय न्हाई. तू गोठ्याकडं जा जरा. अन् जाताना दार लोटून घे.”

“दार?” सुनेनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सासूकडे.

“व्हय, दार. ह्यांची खतं कवा दार लावून वाचलीच न्हाईत कुणी.”

सून गेली. दार लागलं. नव्या स्लॅबच्या घरातली ती खोली, भिंतीवर टीव्ही, खाली पेटी. वहिनींनी निळ्या पत्रांची चळत काढली आणि सगळ्यात खालचं माझ्यापुढे धरलं. कोणतं पत्र काय आहे ते त्यांना न वाचता ठाऊक होतं.

“चष्मा हाय का आज?” त्या म्हणाल्या.

होता. मी वाचलं. जसंच्या तसं.

‘लढाई थांबली. मी धड आहे. डाव्या पायाचं नख गेलं, बाकी काही नाही. मागच्या पाच पत्रांत तू माझ्या एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस. इथे एवढी माणसं माझं ऐकतात, एका बायकोपुढे मात्र माझं काही चालत नाही. असो. आता नीट ऐक. उन्हाळ्यात मला क्वार्टर मिळतंय. दोन खोल्या आहेत. नळ घरात आहे. दाराशी बदामाचं झाड आहे, त्याची पानं तुलाच झाडावी लागतील, मला जमत नाही. आबांची सोय मी काकांशी बोलून करतो, ते माझ्यावर सोड. येतेस का? हो किंवा नाही एवढंच लिही. म्हशीचं लिहू नकोस.’

वहिनींनी पत्रावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, “परत.”

मी परत वाचलं.

“नळ घरात व्हता?”

“तसं लिहिलंय.”

“अन् तुमी ते बी वाचलं न्हाई?”

“नाही.”

“अवो, म्हणजे पाणी बी...” त्या थांबल्या. हात उलटे करून तळव्यांकडे बघत राहिल्या. आडाच्या दोरानं पडलेले घट्टे कधीच गेले होते, तरी बघत राहिल्या. “आमच्या इथं नळ आला तवा माझी नातवंडं शाळेत जायला लागली व्हती, भावजी.”

मी म्हणालो, “वहिनी, तुमचं उत्तर राहिलंय. आता लिहून घेऊ का?”

हे बोललो आणि लगेच मला स्वतःचीच लाज वाटली. म्हातारपणीसुद्धा माझी ती खोड गेली नव्हती. त्या उसळल्याच.

“आता लिवता? अन् टाकता कुठं? मसनवट्यात?” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “तुमाला अजून बी भाषणच सुचायलंय व्हय? मी त्या माणसाला खोटारडं म्हणले. एकदा न्हाई, जलमभर. परभणीच्या दवाखान्यात नळ्या लावलेल्या असताना बी इचारलं, आता तरी खरं सांगा, बोलावलं व्हतं का? तर हसले. म्हणले, बरं, नसंल बोलावलं. तू जिंकलीस.” त्यांनी बाकीची पत्रं पेटीत ठेवली. मग म्हणाल्या, “मला वाटलं, कबूल केलं. घरी येऊन सगळ्या बायांना सांगितलं की मी. शेवटी कबूल केलं म्हणून.”

गोठ्याकडून सुनेची हाक आली. “थांब जरा,” त्या तिथूनच ओरडल्या.

“स्तंभावरचं वाक्य बदलायला सांगतो मी,” मी म्हणालो. “समितीकडे लेखी अर्ज...”

“तुमच्या दगडाचं तुमी बगा. दगडाला काय कळायलंय? मी ज्या-ज्या बायांना सांगितलंय, त्यांना सांगायचंय. की माझा मालक खोटं बोलत न्हवता. अन् ते म्या सांगणार न्हाई. तुमी सांगायचं.”

“मी?”

“मग कोण? खत तुमी वाचलं व्हतं.” त्या काठी शोधायला उठल्या. “चला.”

“आत्ताच?”

“मग काय मुहूर्त काढू?”

*

भर उन्हात आम्ही निघालो. वहिनी पुढे, मी मागे, एका हातात छत्री आणि एका हातात पत्र. ते बरोबर असू द्या, असा त्यांचा आग्रह होता. माझे गुडघे दुखत होते, हे मी एकदा सांगून बघितलं. “ह्यांच्या पायाचं नख गेलं व्हतं,” त्या म्हणाल्या. मी पावलं उचलली.

ज्यांना सांगायचं त्यांतल्या बऱ्याच बायका राहिल्या नव्हत्या. एकीच्या घराला कुलूप होतं, ती लेकाकडे पुण्याला. वहिनी तिच्या बंद दारासमोर जरा थांबल्या, जणू आतून कुणी विचारील. एका घरी सुनेनं चहा ठेवला आणि सासू म्हणाली, “आता कशाला बाई ते? मला तर आठवत बी न्हाई.” वहिनी म्हणाल्या, “मला आठवतंय. सांगा, भावजी.” मी सांगितलं. ती बाई माझ्याकडे बघून “अगं बया” म्हणाली आणि चहात साखर कमी आहे का ते विचारलं. मला वाटलं, एवढ्यासाठी मी इतकी वर्षं घाबरत होतो? पण वहिनींचं समाधान झालं नव्हतं. अजून एकजणीला सांगायचं राहिलं होतं.

वरच्या गल्लीत एक आत्याबाई आहेत. वहिनींच्या बरोबरीनं आडावर पाणी शेंदणारी ती शेवटची बाई. त्यांना आता अगदीच ऐकू येत नाही. त्या ओट्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या. समोर किराणा दुकान, तिथे चार माणसं. कोपऱ्यावर अध्यक्षाची गाडी उभी, तो कुणाला तरी पावती देत होता.

“इथे नको,” मी हळूच म्हणालो. “आत जाऊन बोलू. लोक आहेत.”

“तवा बी लोक व्हते,” वहिनी म्हणाल्या.

मी आत्याबाईंच्या कानाशी वाकलो. “मेजरसाहेबांनी वहिनींना बोलावलं होतं.”

“आँ?”

“बोलावलं होतं! क्वार्टरला!”

“कुणाला वाटर?”

दुकानातली माणसं वळली. अध्यक्षानं पेन खिशाला लावलं आणि दोन पावलं पुढे आला. “काय झालं, सर?”

“मेजरसाहेबांनी वहिनींना बोलावलं होतं!” मी ओरडलो. आयुष्यात वर्गातसुद्धा एवढा ओरडलो नसेन. “पत्रात लिहिलं होतं! दोन खोल्या होत्या! नळ घरात होता! ते खरं बोलत होते!”

आत्याबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांना कळलं होतं. त्यांनी वहिनींकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत, काठीसकट. मग माझ्याकडे वळून, बहिऱ्या माणसाच्या त्या मोठ्या आवाजात विचारलं :

“अन् मग ही गेली कामून न्हाई?”

वहिनींनी काठी दोन्ही हातांत धरली आणि ओट्याच्या कडेला टेकून बसल्या.

“सांगा, भावजी,” त्या म्हणाल्या. “मोठ्यानं सांगा. तिला ऐकू येत न्हाई.”